रग्बी सेव्हन्सचा मोसम कसा बघावा: नव्या प्रेक्षकासाठी

सेव्हन्सची, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीची, पहिली स्पर्धा मी शनिवारी सकाळी लावली आणि रविवारी रात्री बंद केली. एकही सामना सोडला नाही. सोमवारी मैत्रिणीने विचारलं, "मग, कशी झाली फायनल?" विजेत्या संघाचं नाव मला सांगता आलं, त्यापुढे काही नाही. साठेक सामन्यांतले ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं) डोक्यात असे कालवले गेले होते की कोण कुठे धावलं आणि कोण कुठे पडलं, काही लागेना.

नव्या प्रेक्षकाची चूक बहुतेक वेळा हीच असते. सामना लहान आहे, मग सगळेच बघू, असं वाटतं. त्यापेक्षा एक संघ धरा, त्या आठवड्यातले त्याचे सगळे सामने बघा, आणि प्रत्येक सामन्यात ट्रायपेक्षा ट्रायनंतर खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किककडे जास्त लक्ष द्या. एवढं जमलं की बाकीचं हळूहळू कळत जातं.

पहिली संध्याकाळ: लागतील तेवढेच नियम

मैदान पूर्ण आकाराच्या रग्बीचंच, साधारण १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. पंधरा जणांच्या रग्बीत त्यावर ३० खेळाडू असतात, इथे १४. म्हणजे एकेकाच्या वाट्याला ५०० चौरस मीटर जागा. सेव्हन्स असा का दिसतो, याचं निम्मं उत्तर या आकड्यात आहे. एक टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, चुकला की मागे कुणी नसतं. दमलेल्या माणसाला लपायला जागा नसते. अंगाने आडवा असलेला गडी इथे फार काळ टिकत नाही.

सामना सात-सात मिनिटांच्या दोन भागांचा, मध्ये दोन मिनिटांची उसंत. बदली खेळाडू पाच. ट्रायचे ५ गुण, त्यानंतर गोलच्या खांबांमधून मारायच्या किकचे, म्हणजे कन्व्हर्जनचे, २. पेनल्टी किक आणि ड्रॉप गोलचे प्रत्येकी ३ असतात, पण सेव्हन्समध्ये ते क्वचितच दिसतात. पेनल्टी मिळाली की तिथल्या तिथे चेंडूला पाय लावून पळायचं, हाच इथला रिवाज. खांबांकडे किक मारून तीन गुण घेण्यापेक्षा विस्कळीत बचावावर धावून जाणं परवडतं.

चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागे किंवा बाजूला आडवा द्यायचा. हातातून निसटून पुढे पडला तर नॉक-ऑन, आणि मग स्क्रम. स्क्रममध्ये दोन्हीकडून तीन-तीन जण खांदे भिडवून चेंडूसाठी रेटतात. टॅकल होऊन जमिनीवर पडलेल्याने चेंडू सोडायचा असतो. सोडला नाही तर पेनल्टी, आणि पडलेल्या चेंडूवर चुकीच्या बाजूने हात घातला तरी पेनल्टी. सुरुवातीला शिट्टी का वाजली ते दहापैकी सहा वेळा कळणार नाही. कळलं नाही तर पुढे बघा. पंच हाताने ज्या दिशेला दाखवतात तिकडच्यांचा चेंडू, एवढं पुरतं.

कन्व्हर्जन ड्रॉप किकनेच मारायचं असतं: चेंडू हातातून जमिनीवर सोडायचा आणि तो उसळताक्षणी लाथ. त्यासाठी ३० सेकंद. ही किक ट्राय जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागून घेतात. म्हणूनच मोकळा सुटलेला धावपटू रेषा ओलांडल्यावरही पळत पळत खांबांच्या मधोमध जातो. मला आधी ती मिरवणूक वाटायची. तो साथीदाराची किक सोपी करत असतो.

पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर. ऐकायला कमी वाटतं. पण १४ मिनिटांतली दोन म्हणजे सामन्याचा सातवा भाग, तोही सातातला एक गडी कमी करून. पिवळं कार्ड दिसलं की घड्याळ लक्षात ठेवा. त्या दोन मिनिटांत समोरच्यांनी ट्राय केला नाही, तर बचाव करणाऱ्यांनी मोठी गोष्ट साधली असं समजा.

आता ती किक

इथे थोडं रेंगाळू, कारण सेव्हन्स जाणणारे लोक याच गोष्टीवर तावातावाने बोलतात.

पंधरा जणांच्या रग्बीत ज्याच्यावर गुण झाले तो संघ किक मारून खेळ पुन्हा सुरू करतो. या किकला रीस्टार्ट म्हणतात. सेव्हन्समध्ये उलटं आहे. ज्याने गुण घेतले त्यानेच मध्यरेषेवरून ड्रॉप किकने चेंडू समोरच्यांकडे धाडायचा. वरवर पाहता हा समजूतदार न्याय आहे: तुम्ही ट्राय घेतलात, आता चेंडू त्यांना द्या. पण किक किमान १० मीटर जावी लागते, आणि मुरलेला किकर ती जेमतेम तेवढीच पण अशी उंच मारतो की चेंडू खाली येईपर्यंत त्याचे दोन-तीन साथीदार तिथे हजर असतात. समोरच्यांनी एका गड्याला मांड्यांना धरून वर उचललेलं असतं, हे धावत येऊन झेप घेतात, आणि चेंडू कुणाच्या बोटांना लागेल याचा नेम नसतो. ही हवेतली लढत जिंकली तर आत्ताच ट्राय केलेला संघ लगेच दुसऱ्यासाठी धावतो. समोरच्यांना चेंडूला हातही लागलेला नसतो.

किक फसण्याचा धोकाही तेवढाच. १० मीटर गेली नाही किंवा टप्पा न पडता मैदानाबाहेर गेली, तर मध्यावरून समोरच्यांना फ्री किक मिळते. आक्रमक किकर आणि सावध किकर यांच्यात फरक कळायला लागला, की तुम्ही नवखे राहिला नाहीत.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. फळ्यावर २१–७. मागे असलेल्या संघाने ट्राय केला, २१–१२. घड्याळात १ मिनिट २० सेकंद उरलेत, आणि कन्व्हर्जनच्या वेळी घड्याळ थांबत नाही. किक लागली तर २१–१४, म्हणजे आणखी एक ट्राय आणि त्याचं कन्व्हर्जन मिळालं की बरोबरी. चुकली तर एका ट्रायने भागणारच नाही. नीट निशाणा धरला तर अर्धं मिनिट जातं. घाई केली तर चेंडू खांबाच्या बाहेर. म्हणून अशा वेळी किकर चेंडू हातात घेऊन पळत येतो, दोन पावलांत लाथ मारतो, आणि ती आत गेली की नाही हे न बघताच बाकीचे मध्यरेषेकडे धावत सुटलेले असतात. तिथून पुढची किक हवेत जिंकायचीच, दुसरा रस्ता नाही. पुढे असलेल्या संघाला मात्र फक्त चेंडू धरून ठेवायचा असतो.

वेळ संपली तरी खेळ तिथेच थांबत नाही. चेंडू मृत होईपर्यंत, म्हणजे बाहेर जाईपर्यंत किंवा शिट्टीने खेळ तुटेपर्यंत, सुरू राहतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, ३० जुलै २०२४ला, महिलांच्या कांस्यपदकाच्या सामन्यात ऑस्ट्रेलिया १२–७ने पुढे होती, वेळ संपत आलेली, आणि चेंडू अमेरिकेकडे होता तो त्यांच्याच रेषेच्या आसपास. अ‍ॅलेक्स सेड्रिक तिथून टॅकल तोडून सुटली आणि जवळजवळ सगळं मैदान पळून खांबांमध्ये पोचली. १२–१२. कन्व्हर्जनही तिनेच मारलं. १४–१२. त्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाची चित्रफीत आंतरजालावर सहज सापडते. नियम वाचून कंटाळा आला असेल तर आधी ती बघा.

मोसमाचं वेळापत्रक

पुरुषांची जागतिक मालिका १९९९–२०००च्या मोसमात सुरू झाली, महिलांची २०१२–१३मध्ये. २०२३–२४पासून तिचं नाव एसव्हीएनएस, आणि तेव्हापासून पुरुष आणि महिला दोघांच्या स्पर्धा एकाच ठिकाणी, एकाच वेळी होतात. रचना मात्र दर एक-दोन मोसमांनी बदलते. त्यामुळे जुना लेख वाचून कधी बसू नका. मोसम सुरू होण्याआधी मालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावर तारखा, संघ आणि पद्धत एकदा तपासा.

२०२५–२६चा मोसम नमुन्यादाखल घेऊ. वरच्या गटात आठ पुरुष आणि आठ महिला संघ. सहा स्पर्धा: दुबई, केप टाउन, सिंगापूर, पर्थ, व्हँकुव्हर, न्यू यॉर्क. खालच्या दुसऱ्या गटाच्या स्पर्धा नैरोबी, मोन्टेव्हिडिओ आणि साओ पाउलोत. मग दोन्ही गटांतले मिळून बारा संघ हाँगकाँग, वायाडोलिड आणि बोर्दो इथे जागतिक विजेतेपदासाठी खेळतात.

नीट पाहिलंत तर वरच्या सहा स्पर्धा जोड्यांनी येतात, लागोपाठच्या दोन आठवड्यांत: दुबईनंतर लगेच केप टाउन, सिंगापूरनंतर पर्थ, व्हँकुव्हरनंतर न्यू यॉर्क. जोडीतल्या दुसऱ्या आठवड्याकडे मी मुद्दाम लक्ष ठेवते. पहिल्या आठवड्यात अंतिम फेरी गाठलेला संघ दुसऱ्यात पहिल्याच सामन्यात जड पायांनी उतरतो, आणि आधी लवकर बाद झालेला ताजा संघ त्याला गाठतो. असं दर वेळी होत नाही, पण होतं तेव्हा आदल्या आठवड्याच्या निकालांवरून केलेले सगळे अंदाज कोसळतात.

स्पर्धा जिंकणाऱ्याला २० गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १६, असे उतरत जातात. पण मालिकेतला अव्वल संघ आणि मोसमाचा जगज्जेता हे एकच असतील असं नाही. २०२४मध्ये अर्जेंटिनाचे पुरुष सात स्पर्धांनंतर गुणतक्त्यात सर्वांत वर होते. माद्रिदला शेवटची स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात फ्रान्सने त्यांना हरवलं. अर्जेंटिनाच्या चाहत्यांना विचाराल तर त्या वर्षीचे खरे विजेते कोण, यावर अजून वाद घालतील.

वेळेचा घोळ टाळा. संकेतस्थळावर वेळ यजमान शहराची आहे की तुमच्या फोनची, हे आधी बघा. तुमच्या घड्याळात शनिवारचा सामना रविवारी पडू शकतो. आणि मार्चमध्ये विशेष सांभाळा: उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकतात, आणि तिथल्या स्पर्धा याच सुमारास असतात. एका वर्षी मी रविवारी शनिवारच्याच हिशेबाने बसले, चहा घेऊन, आरामात. उपांत्य सामना संपून खेळाडू हस्तांदोलन करत होते.

संघ कोणता धरावा

बहुतेक जण फिजी धरतात. समजू शकते. रिओत २०१६ला त्यांनी अंतिम सामन्यात ब्रिटनला ४३–७ असं उडवलं, ते त्या देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक होतं. त्यानंतर तिथल्या रिझर्व्ह बँकेने सात डॉलरची नोट काढली. सात डॉलरची! टोकियोतही सुवर्ण त्यांचंच. पॅरिसच्या अंतिम सामन्यात फ्रान्सने हरवेपर्यंत ऑलिंपिकमध्ये फिजीचे पुरुष एकही सामना हरले नव्हते. टॅकल होऊन खाली पडता पडता एका हाताने चेंडू पुढच्याच्या हाती ठेवणं, ज्याला ऑफलोड म्हणतात, ते त्यांच्यासारखं कुणालाच जमत नाही.

तरी माझा सल्ला, पहिल्या मोसमाला फिजी नको. त्यांचा खेळ इतका हातचलाखीचा की त्यात बचाव, रचना, रीस्टार्ट या गोष्टी दिसतच नाहीत, आणि मग बाकीचे संघ अळणी वाटायला लागतात. मधल्या फळीतला, वर चढू पाहणारा एखादा संघ घ्या. स्पेनचे पुरुष २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेकडून १९–५ असे हरले. असा संघ प्रत्येक सामन्यात काहीतरी जुळवाजुळव करताना दिसतो, आणि शिकायला तेच हवं. बचाव शिकायचा असेल तर दक्षिण आफ्रिका. तिथल्या संघाला ब्लिट्झबॉक्स म्हणतात आणि नावाप्रमाणेच ते अंगावर धावून येतात.

खालच्या गटातला संघ धरण्यातही मजा आहे. केनियाने २०१६ला सिंगापूरला अंतिम सामन्यात फिजीला ३०–७ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं होतं. २०२५–२६मध्ये ते दुसऱ्या गटात खेळले. असा संघ धरला की प्रत्येक स्पर्धेत वर जाण्याचा प्रश्न असतो, आणि चाहत्यांचा जीव टांगणीला.

महिलांचा एक संघ वेगळा धरा. नियम, मैदान, वेळ सगळं तेच असतं, आणि माझ्या मते गेल्या दहा वर्षांतलं सेव्हन्समधलं सर्वांत चुरशीचं वैर तिथलंच आहे: न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया. रिओत ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला २४–१७ने हरवून सुवर्ण नेलं, पुढची दोन्ही न्यूझीलंडने. ऑस्ट्रेलियाच्या मॅडिसन लेव्हीने पॅरिसमध्ये १४ ट्राय केले, तरी तिच्या संघाच्या हाती पदक आलं नाही. ते का, हे वर सेड्रिकच्या धावेत आलंच.

एक आठवडा कसा वाचायचा

स्पर्धा दोन किंवा तीन दिवसांची. संघ पूलमध्ये, म्हणजे साखळी सामन्यांच्या छोट्या गटांत, वाटलेले असतात. विजयाचे ३, बरोबरीचे २, पराभवाचा १ गुण. हरल्यावरही गुण मिळतो हे बघून गोंधळू नका. मैदानात उतरला नाहीत तरच शून्य. बारा संघ असतील तर तीन पूलमधले पहिले दोन-दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरचे सर्वांत चांगले दोन, असे आठ जण पुढे जाऊ शकतात. त्या वेळी गुणफरक जिवाचा होतो. २१–० असा हरणारा संघ शेवटच्या मिनिटाला एक ट्राय घेऊन इतका का आनंदतो, त्याचं उत्तर गुणतक्त्यात सापडेल. आठच संघ असतील तर चौघांचे दोन पूल आणि थेट उपांत्य फेरी. तिथे एका चुकीची किंमत आणखी मोठी.

मी एक छोटी वही ठेवते. प्रत्येक सामन्याला एक ओळ, जास्त नाही:

"सामना २. मध्यंतराला ७–१० मागे. रीस्टार्ट ५, आपले १. नऊ नंबर दमली, तरी बदलली नाही."

दुसऱ्या दिवशी ही ओळ वाचली की उपांत्य सामना आधीच निम्मा कळलेला असतो. पाचपैकी एकच रीस्टार्ट आपला, मग आज किकर बदललाय का? नऊ नंबर सुरुवातीला आहे की बाकावर? समालोचक बोलायच्या आत तुम्हाला ते दिसतं.

बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ असतो, आणि त्यात जो पहिला गुण घेईल तो जिंकला. हरलेले संघही घरी जात नाहीत, खालच्या क्रमांकांसाठी खेळत राहतात. ते सामने टाकू नका. गुण तिथेही असतात, आणि प्रशिक्षक नवे चेहरे तिथेच आजमावतात.

कुठे बघायचं

देशोदेशी प्रसारण हक्क वेगळे असतात. जिथे हक्क विकलेले नसतात, तिथे जागतिक संघटनेच्या रग्बीपास टीव्हीवर सामने फुकट दिसतात, नाव नोंदवलं की झालं. थेट बघणं जमलं नाही तर ठळक क्षणांच्या चित्रफिती येतात, पण त्यात ट्राय असतात आणि रीस्टार्ट कापलेले असतात. शक्य असेल तर धरलेल्या संघाचे सामने पूर्ण बघा. २० मिनिटांत एक होतो.

मैदानावर जायचं ठरलं तर

दुबईची स्पर्धा १९७०पासून होते, हाँगकाँगची १९७६पासून. हाँगकाँगचा दक्षिणेकडचा स्टँड चित्रविचित्र पोशाखांसाठी जगभर नावाजलेला. १८ वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश नाही, यावरूनच काय ते ओळखा. २०२५पासून ती स्पर्धा काई ताकच्या नव्या स्टेडियममध्ये गेली, जिथे छत मिटतं. पोशाख करून जाणं ही तिथे थट्टा नाही, रीत आहे.

पण खेळ बघायचा असेल तर त्या गोंगाटात बसू नका. मध्यरेषेच्या बाजूला, जरा उंचावर जागा घ्या. वरून बघताना बचावाच्या रांगेत भोक कुठे पडतंय ते धावपटूच्या आधी दिसतं. एका दिवसाचं तिकीट घेणार असाल तर शेवटच्या दिवसाचं. उन्हाची टोपी, पाण्याची बाटली आणि फोन चार्ज करायची सोय हवी, कारण दिवस दहा-दहा तासांचा असतो. जेवायला जायची वेळ आधी ठरवा, आणि ती तुमच्या संघाच्या दोन सामन्यांमध्ये बसवा. त्यांच्या सामन्यांत काही तासांचं अंतर असतं.

मालिकेपलीकडे

हा खेळ १८८३मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोझ गावात जन्मला. नेड हेग नावाच्या खाटिकाने क्लबसाठी पैसे उभे करायला ही युक्ती काढली, असं सांगतात. १९९३ ते २०२२ दरम्यान झालेल्या सेव्हन्स विश्वचषकाच्या पुरुषांच्या करंडकाला म्हणूनच मेलरोझ चषक म्हणतात. पुढचं मोठं ठिकाण २०२८चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक. ऑलिंपिकच्या वर्षी पंधरा जणांच्या रग्बीतले तारे इकडे येतात. अँटवान ड्युपाँ पॅरिसला आला आणि फ्रान्सला सुवर्ण मिळालं. त्यांच्यासाठी जागा करताना वर्षभर घाम गाळलेला कुणीतरी बाहेर बसतो, आणि तुम्ही त्याच संघाचे असाल तर त्याचं नाव तुम्हाला माहीत असेल.

मोसम जूनच्या सुमारास संपतो. पुढचे संघ जाहीर होतात ते शरदात. तोवर वही चाळून एक यादी करा: ज्यांचे पाठीवरचे आकडे तुम्ही ओळखता असे पाच खेळाडू. नव्या मोसमाच्या पहिल्या संघयादीत त्यातले किती उरलेत, ते आधी बघा.